मंजुस्वनाने मागून घेतलेला वर

कृतयुग सरत आले होते आणि देवलोकीच्या गायकांना मानाची चटक लागू लागली होती, त्या काळी दक्षिण समुद्रातल्या, नारळी-केवड्यांनी वेढलेल्या केतकद्वीपावर शंखायू नावाचे वृद्ध तपोनिधी राहत असत. द्वीपावरच्या एकुलत्या एक विहिरीचे जल खारट झाले, धीवरांची मुले तृषेने तळमळू लागली, तेव्हा ऋषींनी वरुणाच्या प्रसन्नतेसाठी यज्ञ आरंभिला.

त्याच वेळी मंजुस्वन गंधर्व आकाशमार्गाने इंद्रसभेकडे निघाला होता. वसंतोत्सवातले पहिले गायन आपले, आपल्यावाचून त्या सभेचे पान हलत नाही, अशी त्याची खात्री होती. खात्री त्याची एकट्याचीच होती. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्यांना हे सांगणार कोण? खालून ऋषींच्या थरथरत्या कंठातले सामगान ऐकताच त्याने नाक मुरडले आणि तो थेट यज्ञमंडपात उतरला.

साम चालू असता मध्ये बोलू नये, चूक दाखविण्याचा अधिकार यज्ञावर देखरेख करणाऱ्या एकट्या ब्रह्मा-ऋत्विजाचा, हे समिधा वाहणाऱ्यालाही ठाऊक असते. या शहाण्याला नव्हते.

"थांबा! याहून बेडूक बरे!" असे गर्जून त्याने तेच साम चार ताना जास्तीच्या घालून गाऊन दाखविले. साम खंडित झाले आणि वेदीतला अग्नी विझला.

धीवरांची वृद्ध नायिका मकरिका पुढे आली. "गंधर्वराज, तुमच्या गाण्यातले आम्हांला काही कळत नाही. आमची लेकरे तहानेली आहेत, एवढे कळते."

ऋषी म्हणाले, "यज्ञ मोडणाऱ्याने यजमानांचे पाय धुऊन दोष कबूल केला, तरच तो पुन्हा मांडता येतो. हे धीवरच येथील यजमान आहेत. त्यांचे पाय धू आणि सुखाने इंद्राकडे जा."

मासळीच्या खवल्यांनी माखलेले ते पाय पाहून मंजुस्वनाला शिसारी आली. "या मासेखाऊंचे पाय? त्यापेक्षा शाप परवडला!"

"मग मुठीत मावेल एवढा पक्षी हो. शापासवे एक वर देण्याची आमची रीत आहे. माग."

कोणाही समंजसाने उःशाप मागितला असता. याने छाती फुगविली. "माझ्यासारखा गाणारा पक्षी त्रैलोक्यात दुसरीकडे कोठेही नसावा!"

"तथास्तु. तुझा वंशही येथेच नांदेल."

अतिथीचा दोष आपल्या माथी घेऊन ऋषींनी स्वतः धीवरांचे पाय धुतले, साम पुन्हा आरंभिले आणि विहीर गोड झाली. चिमुकला मंजुस्वन मात्र स्वर्गाच्या दिशेने झेपावला, लाटांच्या पहिल्या रांगेपाशीच त्याचे पंख लुळे पडले आणि तो वाळूत आपटला. काय मागितले, ते तेव्हा कुठे त्या दीडशहाण्याला उमजले.

वसंतोत्सवातले पहिले गायन दुसऱ्याच कोणीतरी केले. मंजुस्वन का आला नाही, हे इंद्राने विचारलेही नाही.

तेव्हापासून तो पक्षी केतकद्वीपावाचून कोठेही आढळत नाही. गातो अप्रतिम, यात वाद नाही. विहिरीवर आलेल्या धीवरस्त्रिया ते गाणे ऐकतात, न ऐकतात, आणि पाणी भरून घरी जातात.