रावसाहेबांचा फेटा

कोल्हापुरात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. यमूताई गवंडे आपल्या काळ्या मोटारीला मेण लावून मलमलीच्या फडक्यानं घासत होत्या.

"बाई, तवा घासताय काय?" शेजारच्या लाल गाडीचे मालक रावसाहेब इंगवले खो-खो हसले. "माझं पॉलिश विलायती आहे. आरसा आहे, आरसा!"

परीक्षक आले आणि घुटमळले. दोन्ही गाड्या लखलखत होत्या. पहिला नंबर द्यावा कुणाला?

यमूताई हळूच म्हणाल्या, "रावसाहेब, फेटा कलला की हो! आणि फोटोवाला आलाय!"

दोन गाड्यांच्या मधे उभे असलेले रावसाहेब गर्रकन वळले, वाकले आणि काळ्या गाडीच्या दारात बघून फेटा सारखा करू लागले.

"परीक्षकसाहेब," यमूताईंनी फडकं खांद्यावर टाकलं, "निकाल लागला बघा. फक्त रावसाहेबांचा फेटा होईपर्यंत थांबा!"