डाव्या हाताचा मान

स्काऊट-गाईडच्या शिबिराला पंचायत समितीचे सभापती हणमंतराव आले, नाकावर राग घेऊनच. गाईड सुमेधाने उजव्या हाताने सॅल्यूट केला आणि रीतीप्रमाणे हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला.

"पाहुण्याला डावा हात? हेच शिकवता? पुढच्या वर्षी समितीचं मैदान विसरा."

शिबिरप्रमुख शेवाळे सरांचा चेहराच उतरला. सुमेधाने हात मागे घेतला नाही.

"साहेब, लढवय्ये डाव्या हातात ढाल धरायचे. ज्याच्यावर विश्वास, त्याच्यापुढेच ती खाली ठेवायचे. म्हणून हा हात. उजव्याने तुमच्या खुर्चीला सॅल्यूट केलाच, डावा तुमच्यासाठी आहे."

हणमंतरावांनी डाव्या हातातला मोबाईल खिशात टाकला आणि तिचा हात हातात घेतला.

"मग मैदानाचं?" सरांनी हळूच विचारलं.

"ढाल ठेवली की खाली," हणमंतराव हसले. "आता कसली लढाई?"