भिवा मेस्त्री आणि गंजलेले बोल्ट

समुद्राला लागून एक गाव होतं. तिथला वारा इतका खारा, की नव्या गाडीचं लोखंडही दोन वर्षांत गंजून जाई. त्या गावात भिवा मेस्त्रीचं गॅरेज होतं. भिवा अंगानं दणकट. कुठलाही बोल्ट अडला, की तो पान्यात लांब पाइप अडकवायचा आणि सगळा भार टाकून हिसका द्यायचा. बोल्ट सुटला, की बघणारे टाळ्या वाजवायचे. भिवाला त्या टाळ्या फार आवडायच्या.

बंदरावर इनासकाका होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. त्यांचं काम अगदी सावकाश चाले. भिवा त्यांची थट्टा करायचा. "काकांकडे इंजिन द्यावं आणि म्हातारं होऊन न्यायला यावं!"

एके सकाळी गुरांच्या डॉक्टर कुडाळकरबाई आपली जीप घेऊन आल्या. जीपचे मागचे दोन्ही शॉकअप गेले होते. खड्ड्यातून गेली, की गाडी बेडकासारखी उड्या मारायची. नवे शॉकअप त्यांनी बरोबरच आणले होते.

"भिवा, उद्या सकाळी मला डोंगरावरच्या धनगरवाडीत जायचंय. गुरांची साथ सुरू झालीय. लसीच्या बाटल्या काचेच्या आहेत, असे धक्के बसले तर फुटतील. आज होईल ना?"

"दुपारच्या आत घेऊन जा, बाई!" भिवा म्हणाला.

काम चार बोल्टांचं होतं. वरचा पहिला बोल्ट एका हिसक्यात सुटला. टाळ्या पडल्या. दुसऱ्याला भिवानं आणखी मोठा हिसका दिला. कट्कन आवाज झाला आणि बोल्टाचं डोकं तुटून त्याच्या पायाशी पडलं.

टाळ्या थांबल्या. त्या बोल्टाचा नट सुटा होता, म्हणून तो कापून तरी काढता आला. पण खालच्या दोन बोल्टांचे नट गाडीलाच जोडलेले होते. त्यातला एक जरी आत तुटला असता, तर जीप चार दिवस जागची हलली नसती.

भिवानं पान्याला पाइप लावला. मग काढला. पुन्हा लावला. त्याच्या डोळ्यांसमोर वाडीतली गुरं आली. त्यानं पाइप खाली ठेवला, हात पुसले आणि सरळ बंदराची वाट धरली.

"काका, माझ्याकडून एक बोल्ट तुटलाय. उरलेले तुम्हीच सोडवू शकाल."

इनासकाका हसले. "सोडवशील तूच. पण म्हातारं व्हायची तयारी आहे ना?"

भिवा लाजला. मग तोही हसला.

काका आले. त्यांनी तारेच्या ब्रशनं गंज घासून काढला, बोल्टाच्या आट्यांवर पातळ तेल सोडलं, छोट्या हातोडीनं हलकेच टकटक केलं आणि म्हणाले, "आता बस."

"आणि?"

"आणि काही नाही. बस."

भिवा उलट्या बादलीवर बसला. पाच मिनिटांत उठला. "काका, आता?"

"नाही."

काकांनी पुन्हा तेल सोडलं, पुन्हा टकटक केलं. मग डबा उघडून बांगड्याचं तिखलं आणि भात निवांत जेवले. भिवालाही वाढलं, पण त्याचा जीव घासात नव्हता. "आता तरी?"

"नाही रे बाबा. एकेक काटा काढत बांगडा खाता येतो तुला, मग एवढा दम नाही धरता येत?"

ऊन उतरायला लागलं, तेव्हा काका म्हणाले, "घे पाना. पाइप नको. आधी इवलासा घट्ट कर."

"घट्ट? काढायचाय ना?"

"गंजाची पकड आधी मोडू दे. मग सोडव. अडला, की मागे ये. पुन्हा पुढे जा."

भिवानं पाना लावून आधी हलकेच घट्ट केला. बोल्ट थोडा कुरकुरला. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. आणि बघता बघता तो बोटांनी फिरायला लागला! भिवा आनंदानं ओरडलाच. दुसऱ्या बोल्टाच्या वेळी तर काकांनी डुलकी काढली. भिवानं तो एकट्यानं, गुणगुणत सोडवला. दिवेलागणीच्या आत जीप तयार झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाई डोंगरावरून परत आल्या. एकही बाटली फुटली नव्हती. वाडीतल्या सगळ्या गुरांना लस मिळाली होती. धनगरांनी खूश होऊन त्यांना पातेलंभर खरवस दिला होता. बाईंनी पातेलं भिवाच्या गॅरेजातच उघडलं आणि म्हणाल्या, "छान काम केलंस हं, भिवा!"

भिवानं खरवसाची पहिली वडी इनासकाकांच्या हातावर ठेवली. "बाई, हात माझे होते. धीर यांचा होता."

तात्पर्य: अडलेलं काम नुसत्या जोरानं मोडतं, धीर धरून, समजून हात लावला तर सुटतं. आणि आपल्याला जमत नाही ते वेळीच कबूल करून विचारण्यात कमीपणा नसतो.