नारोबाने लावलेलं विरजण

एका गावात एक भोळा संसारी माणूस राहत होता. नाव नारोबा. मनानं लोण्यासारखा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, फक्त कशासाठी सांगितलं ते विचारायचा नाही.

त्याला तळणाचं भारी वेड. भर चैत्रात भजी, दुपारच्या उन्हात कुरडया, वर मूठभर शेव. मग पोट धरून ओसरीवर लोळायचा. यंदा वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

"नारोबा, उन्हाळाभर ताक, काकडी, लाह्या, कैरीचं पन्हं. तळलेलं खाल्लंत, तर पुढल्या वेळी मला बोलावू नका, देवाला बोलवा."

नारोबाच्या बायकोनं, अनसूयेनं, हे ऐकलं. तिनं चैत्रगौर मांडली, समई लावली आणि पदर पसरला. "माये, अक्षय्य तृतीयेला तू परत जाईपर्यंत यांच्या पोटात तळण जाऊ देऊ नकोस. तुझं हळदीकुंकू मी तळणाशिवाय करीन. माझ्या घरात कढई चढणार नाही."

मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, तळलेलं खायचं नाही हं."

"एवढंच ना? लक्षात ठेवलं."

आणि त्यानं खरंच ठेवलं.

गावात बातमी फुटायला कितीसा वेळ? पाणवठ्यावर यमुनाकाकू म्हणाल्या, "चकली नाही, करंजी नाही! हळदीकुंकू आहे की आजाऱ्याचं पथ्य?" यमुनाकाकू म्हणजे गावातल्या बायकांचं न्यायालय. त्यांनी नाक मुरडलं की सगळ्याजणींची नाकं मुरडायची. अनसूयेनं घागर उचलली. गौर आपली आहे, ती सांभाळून घेईल, म्हणाली.

तिनं नारोबाला हरभरे आणायला पाठवलं. त्यानं आणले, ओटीत भरायला तसेच कोरडे गौरीपुढे ओतले, आणि प्रसाद म्हणून एक मूठ तोंडात टाकली. दाढ ठणकायला लागली.

"अहो, घरात आणलं की आधी पाण्यात भिजत घालावं!"

"एवढंच ना? लक्षात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी तो साळीच्या लाह्या घेऊन आला. घंगाळ भरलं, लाह्या ओतल्या, वर पाट दाबून ठेवला. संध्याकाळी अनसूयेनं पाट उचलला. आत खळ तयार होती. पतंग चिकटवता आले असते.

"लाह्यांना पाणी दाखवतात का कधी? चटईवर उन्हात पसरायचं, कडकडीत झालं की डब्यात भरायचं."

"मग काल तसं का नाही सांगितलंस? लक्षात ठेवलं."

तिसऱ्या दिवशी गवळ्याकडून दही आणलं. अंगणात चटई घातली. दही हातानं छान पातळ पसरलं. शेजारी डबा उघडून ठेवला आणि कडकडीत व्हायची वाट बघत बसला. आधी मांजर आलं. मग मांजराचं गोत आलं. नारोबा त्यांना म्हणाला, "थांबा गं, अजून ओलं आहे."

अनसूयेनं कपाळाला हात लावला. पण ओरडली नाही. व्रताच्या दिवसांत तिनं तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ते नवसापेक्षा अवघड जात होतं. तिनं दूध विरजलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "हे बघा. गारव्याला ठेवायचं ते असं. खाली परातीत पाणी. भोवती ओलं फडकं. वर ताटली. मग लागेपर्यंत हलवायचं नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. हललं की पाणी सुटतं."

"एवढंच ना? लक्षात ठेवलं."

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. गौर झोपाळ्यावर बसली. भिजलेले हरभरे टपोरे फुगले होते, कलिंगडाच्या फोडी लालभडक होत्या, कैरी घातलेली वाटली डाळ परातभर तयार. दही तर सुरीनं कापावं असं लागलं होतं. पन्ह्यात वेलदोडा कमी वाटला म्हणून अनसूया शेजारी निघाली. जाताजाता म्हणाली, "अहो, यमुनाकाकू आल्या तर उन्हानं तापलेल्या असतील. त्यांना जरा गारव्याला बसवा."

"गारव्याला? येतं मला."

ती परत आली तेव्हा दारात बायकांची गर्दी थबकली होती. आत नारोबा काठी घेऊन उभा होता.

"मागं व्हा! हात लावायचा नाही. अजून लागलं नाही!"

मधोमध पाटावर यमुनाकाकू. पाय पाण्याच्या परातीत. गळ्यापासून घोट्यापर्यंत ओलं धोतर गुंडाळलेलं. डोक्यावर ताटली. तोंड उघडलं की ताटली घसरायची, म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. सगळं बोलणं डोळ्यांतून चाललं होतं.

"काकू, हलू नका," नारोबा कळवळून म्हणाला, "पाणी सुटेल."

अनसूयेच्या हातातला वेलदोडा खाली पडला. झालं! गेलं हळदीकुंकू. तिनं धावत जाऊन ताटली उचलली, धोतर सोडलं, काकूंचे पाय धरले. "काकू, चुकलं हो यांचं!"

 काकूंनी परातीतच पायाची बोटं हलवली.

"अगं अनसूये, चैत्र सुरू झाल्यापासून माझ्या तळपायांची आग आग होत होती. आज थांबली बघ. राहू दे ती परात. आणि पन्हं आण."

बायकांना हसू आवरेना. काकूंनी पन्हं घेतलं, डाळ घेतली, पुन्हा डाळ घेतली. कलिंगडाच्या फोडीवर मीठ लावून घेतलं. सगळ्याजणींनी तसंच घेतलं. अनसूयेनं गौरीकडे पाहून डोळे मिटले.

इतक्यात काकूंना काहीतरी आठवलं. "अगं, तुझ्याकडे तळण नाही म्हणून मी घोसाळ्याच्या भज्यांचं पीठ कालवून आणलंय, पातेलंभर! आता एवढं केलंस, तर नवस बाजूला ठेव आणि माझ्या शब्दाखातर कढई चढव."

अनसूया पांढरीफटक पडली. काकूंना नाही म्हणायचं कसं, आणि गौरीला तोंड दाखवायचं कसं?

"ओसरीवर ठेवलेलं पातेलं गेलं कुठं?" काकूंनी विचारलं.

दाराआडून रिकामं पातेलं पुढे आलं. मागोमाग नारोबा आला. मिशीला पीठ, एक हात पोटावर.

"काकू, तळलेलं मला खायचं नाही ना," तो म्हणाला, "म्हणून तळायच्या आधीच खाल्लं."