दगडूची दुपार

चिंचवनाच्या पलीकडे, निळ्या तळ्याच्या काठी एका कुंभाराचं घर होतं. त्या घरात मातीचे ढीगच्या ढीग होते, पण त्या मातीशी खेळायची मुलांना बंदी होती.

मुलं दोनच. नऊ वर्षांची झेलू आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ दगडू. आईबाप तापानं गेले, तेव्हापासून दोघं काका-काकूंच्या पदरी होती. काका दिवसभर चाक फिरवायचा. झेलू तळ्यावरून माती आणायची, ती तुडवायची, पाणी भरायची. आणि दगडूला काकू, गावातल्या बऱ्याच बायांसारखीच, कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डालीखाली बसवायची. डालीवर एक धोंडा.

"मोकळं सोडलं तर मडकी फोडेल मेलं," काकू म्हणायची. "माती विकायला असते, खेळायला नाही."

डालीच्या फटींतून उन्हाचे सोनेरी कवडसे दगडूच्या अंगावर पडत. तो ते धरायलासुद्धा हात पुढे करत नसे. अजून तो एकही शब्द बोलत नव्हता. हातात घास दिला तर बोटांतून गळून पडायचा. शेजारणी म्हणायच्या, "नावासारखंच निघालं गं पोर!" ते ऐकलं की झेलू माती आणखी जोरानं तुडवायची.

एके दिवशी तळ्याकाठच्या चिखलात काहीतरी निळंनिळं फडफडताना तिला दिसलं. खंड्या पक्षी असेल म्हणून तिनं अलगद उचललं, तर ती होती बोटभर उंचीची इवलीशी परी! उशीर झाला तर पाठीत धपाटा बसणार हे झेलूला ठाऊक होतं. तरी तिनं परीचे चिमुकले पंख ओंजळीतल्या पाण्यानं धुतले, फुंकर घालून वाळवले. पंखांवर सात रंग लखलखले.

"तीन इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक. दिलेलं परत घेता येत नाही. माणसांची मनं मी बदलत नाही. आणि फळ देत नाही मी, फक्त बी देते."

"माझ्या दगडूला बोलता येऊ दे."

"ते तर फळ झालं, बाळे."

झेलूनं विचार केला. "मग त्याला जगातलं सगळ्यांत सुंदर खेळणं दे."

डालीखाली सोन्याचा पक्षी आला. माणकांचे डोळे, मोत्यांचा तुरा. तो आपणच गायचा, आपणच नाचायचा. काकूनं विकायला नेला तरी परत डालीखाली येऊन बसायचा. दगडू नुसता बघत राहिला. त्याला करायला काही उरलंच नव्हतं. आठ दिवसांत तो झेलूनं हाक मारली तरी मान वळवेनासा झाला.

"बरं झालं," काकू म्हणाली, "आता रडतही नाही."

झेलू रडत तळ्यावर धावली. "तू मला फसवलंस!"

"तू मागितलंस तेच दिलं," परी हळूच म्हणाली. "तू लहान होतीस तेव्हा काय करायचीस?"

झेलूला आई आठवली. कोपरापर्यंत चिखल, चिंचोक्यांची रास, एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत. ती डोळे पुसत म्हणाली, "त्याला माती दे, पाणी दे. आणि रोज दुपारी थोडा वेळ दे, कुणी ओरडणार नाही असा."

"रोज दुपारी घरातल्या मोठ्यांचा डोळा लागेल. पण वेळ मी घडवत नाही गं, इकडचा तिकडे देते. त्याला दिलेला वेळ तुझ्या लहानपणातून जाईल."

"घे," झेलू म्हणाली. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातलं काय कळणार?

मग दुपारी डाल उचलली जाऊ लागली. पहिल्या दिवशी दगडूनं मातीवर एक बोट टेकवलं आणि मागे घेतलं. मग तळवा. मग सोन्याच्या पक्ष्याकडे पाठ फिरवून दोन्ही हात! तो गोळे दाबू लागला, पाणी ओतू लागला, सांडू लागला. इवल्या चिमटीत एकेक चिंचोका उचलून मडक्यात टाकू लागला. घास हातात टिकू लागला. आणि एके दुपारी बोटांमधून गार गार चिखल पचकन वर आला, तसा तो खदखदून हसला आणि म्हणाला, "चिक्कल!"

झेलूनं त्याला उराशी धरलं. तेव्हा तिला दिसलं, आपलं परकर-पोलकं आखूड झालंय, हात लांब झालेत. वर्ष सरलं तोवर तळ्यातल्या पाण्यातून एक थोराड बाई तिच्याकडे बघत होती. काकूला त्याचं काही वाटलं नाही. झेलू आता दुप्पट ओझं उचलत होती ना!

पण घरामागे वाळत घातलेली दगडूची वेडीवाकडी बोळकी काकूला सापडली. तिनं ती पायाखाली चुरली. दगडूला पुन्हा डालीखाली घातलं.

"काकू, तू लहानपणी काय खेळायचीस?" झेलूनं विचारलं.

काकू धोंडा उचलता उचलता म्हणाली, "मला कोण खेळू देत होतं? पाचव्या वर्षी माती तुडवायला उभं केलं." आणि तिनं डालीवर झेलूला एकटीला हलणार नाही एवढा मोठा धोंडा ठेवला.

झेलू तळ्यावर गेली. "माझे दिवस..." तिनं सुरुवात केली.

परीनं मान खाली घातली. "ते परत येत नाहीत. महाल माग, रेशमी साड्या माग."

झेलूनं मान हलवून नाही म्हटलं. मग म्हणाली, "या गावात कुठलंच पोर डालीखाली राहू नये."

त्याच क्षणी गावातल्या सगळ्या डाली उसवल्या. कांब न् कांब सुटली. पोरं रांगत, धडपडत बाहेर आली. बायांनी नव्या डाली विणल्या, त्याही उसवल्या. काकू शिव्या देऊन देऊन दमली, पण तिला काही शेवटपर्यंत पाझर फुटला नाही. दुपारी पोरांचा थवा अंगणात यायचा आणि झेलू त्यांना माती मळून द्यायची.

अशाच एका दुपारी परी आली. "चांगलं वागणाऱ्याला काहीतरी मिळायला हवं. पण तुला द्यायचं ते लहानपणच मी घेऊन बसले," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून दोन चमचमते थेंब पडले. मग ती उजळत गेली, निळी, केशरी, पांढरीशुभ्र, आणि बघता बघता उन्हात उन्हासारखी विरून गेली.

तेवढ्यात झेलूचा पदर कुणीतरी ओढला. दगडू होता. त्यानं मातीची भाकरी थापली होती, चिंचेच्या पाल्याची भाजी केली होती.

"ताई, जेवायला बस."

झेलू अवघडून बसली. एवढ्या पोरांना खेळवणारी ती, पण स्वतः खेळायला बसून किती काळ झाला होता! मातीच्या भाकरीकडे ती नुसती बघत राहिली.

"खोटं खोटं जेवायचं असतं, ताई."

"कसं रे?" तिनं खरंच विचारलं.

दगडूनं तिचा भेगाळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तिची पाचही बोटं एकेक करून जुळवली आणि तिच्या तोंडाशी नेली.

"असं," तो म्हणाला.