मानाचा दगड

एका नदीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावाला मासे खाण्याची भारी हौस. पण आषाढापासून कार्तिकापर्यंतचे चार महिने गाव मासळीला शिवत नसे. त्रिपुरी पौर्णिमा झाली, की दुसऱ्या दिवशी सगळं गाव वाळवंटात जमायचं, मोठी हंडी चढायची आणि नदीच्या मरळीचा तिखट रस्सा व्हायचा. चार महिने वरणावर काढलेली माणसं ती. त्या दिवशी ती सकाळपासूनच ताट घेऊन बसायची.

पहिला मासा धरायचा मान मात्र एकाचाच. पलीकडच्या काठाला, उंच कड्याच्या पोटाशी, खोल डोहावर एक सपाट काळा दगड होता. जो गावातला सगळ्यात तरबेज गळवाला, त्याने त्या दगडावर बसायचं. त्याच्या गळाला पहिला मासा लागेपर्यंत दुसऱ्या कोणी पाण्यात गळ टाकायचा नाही. आणि मासा लागायच्या आत तो दगडावरून उठला, तर मान गेला, दगड दुसऱ्याचा. रीत म्हणजे रीत.

सात वर्षं तो दगड हिरोजीकडे होता. हिरोजी माणूस वाईट नव्हता हो, पण दगड त्याच्या डोक्यात गेला होता. लग्नाच्या पंगतीत बसतानासुद्धा तो आधी उंचवटा शोधायचा. बायकोशी भांडण झालं की म्हणायचा, “तू कुणाशी बोलतेयस, ठाऊक आहे ना?” त्याची बायको साळू. तिला चांगलंच ठाऊक होतं, म्हणून ती पुढे बोलायची नाही.

त्या वर्षी थंडी पंधरा दिवस आधीच येऊन टपकली, आणि आली तीही दात वाजवणारी. हिरोजी उजाडायच्या आत पागोटं बांधून दगडावर जाऊन बसला. बांबूची काठी, नवा गळ, आमिषाला बेडूक, सगळं झकास. बसल्याबरोबर दगडाचा गारवा धोतरातून थेट मणक्यापर्यंत चढला. त्याने तोंडावर काही दिसू दिलं नाही.

ऊन वर आलं, पण ते समोरच्या काठावर. कड्याची सावली डोहावरून हटायचं नाव घेईना. गळाचा दोर पाण्यात सरळ उभा, हलायला तयार नाही. हिरोजीने बेडूक बदलला. मग गांडूळ लावलं, मग झिंगा, मग कणकेची गोळी. मासे गोंगाटाने बुजतात म्हणून त्याने वाळवंटातल्या ढोलकीवाल्याला गप्प केलं. थोड्या वेळाने, मासे निजलेत म्हणून त्यालाच वाजवायला लावलं. मग म्हणाला, नवा गळच कुचकामी आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!

इकडे वाळवंटात मसाला वाटून झाला, कांदा परतून झाला, हंडीत रस्सा रटरटायला लागला. रस्स्यात सगळं होतं, फक्त मासा नव्हता. पोरं रडून दमली आणि म्हातारी माणसं नुसता वास घेऊन आवंढे गिळत बसली.

साळू उन्हात, गुडघाभर पाण्यात भांडी घासत होती. पातेल्यातली खरवड पाण्यात पडली, आणि तिच्या पोटऱ्यांना काहीतरी गुळगुळीत घासून गेलं. वाकून पाहते तर मरळी! हातभर लांबीच्या चार-पाच मरळी, उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात अशा पसरल्या होत्या, जशा माहेरी आलेल्या लेकी. तिने पलीकडे हाक मारून सांगितलं, की अहो, मासे इकडे आहेत, तिकडे कशाला बसलाय.

हिरोजीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपण भांड्यांच्या खरकट्यावरचे मासे धरायचे? आणि उठलो तर दगड जाणार. दगडाच्या बरोबर मागे धर्माजी उभा होता, गावातला दोन नंबरचा गळवाला. सात वर्षं तो याच क्षणाची वाट बघत होता आणि आता हिरोजीच्या मांडीकडे टक लावून होता. हिरोजी आणखी घट्ट बसला.

दुपार झाली. हिरोजीचे ओठ निळे पडले. शेवटी त्याने धर्माजीला सांगितलं, की जरा काटक्या आण आणि दगडाशेजारी शेकोटी कर, बोटं आखडलीत. ते साळूच्या कानावर गेलं. हातातलं पातेलं खाली ठेवून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने आवाज चढवला.

“अहो, तुम्हाला ऊब लागते, मग माशाला लागत नाही का? त्याला काय तुमच्या दगडाचं कौतुक?”

सगळं वाळवंट हसलं. हिरोजी लालबुंद झाला, पण हलला नाही.

आणखी एक रीत होती. रस्सा उकळला, की पहिली वाटी दगडावरच्या माणसाला. म्हातारे पाटील धोतर वर खोचून, थरथरत, थंड पाणी तुडवत वाटी घेऊन आले. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे धरली.

“घ्या हिरोजी, तुमचा मान. तुम्ही तोंड लावल्याशिवाय गावाला जेवता येत नाही.”

हिरोजीने वाटीत पाहिलं. लाल तर्री, वर कोथिंबीर, आत काही नाही. पलीकडे सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. कोणी रागावलेलं नव्हतं, कोणी टोमणा मारत नव्हतं. नुसती भुकेली होती माणसं. चार महिन्यांचा उपास त्याच्यापायी आज पाण्यावर सुटणार होता. त्याला लाज वाटली.

त्याने वाटी पाटलांच्या हातात परत दिली, काठी उचलली आणि उठला. म्हणजे उठायला गेला. पाय इतके बधिर झाले होते, की धर्माजीनेच त्याला काखेत धरून उभं केलं, आणि तेही मोठ्या आनंदाने.

हिरोजी पाणी ओलांडून साळूजवळ गेला. तिने थोडी खरवड पाण्यात टाकली. नवा मानकरी बसेपर्यंत दगड रिकामा, म्हणून रीतही आडवी आली नाही. त्याने गळ सोडला मात्र, काठी कमानीसारखी वाकली. पहिली मरळ वाळूवर आपटली, तसे बाकीच्यांचे गळही पाण्यात पडले. घटकाभरात टोपली भरली, हंडी भरली, आणि गाव घाम पुसत, नाक ओढत रस्सा ओरपायला बसलं.

रीतीप्रमाणे दगड धर्माजीचा झाला. तोही ऐटीत चढून बसला. पण पंगत उठेपर्यंत मानकऱ्याने दगड सोडायचा नसतो, हीही रीतच. धर्माजी सावलीत गुडघे पोटाशी घेऊन, पलीकडच्या उन्हातली पंगत बघत राहिला. त्याची वाटी त्याच्यापर्यंत जाईस्तोवर गार होत होती.

हिरोजी बायकोच्या शेजारी तापलेल्या वाळूवर मांडी घालून तिसरी वाटी संपवत होता. पाटलांनी विचारलं, पुढच्या साली दगड परत मिळवणार की नाही.

हिरोजीने काटा काढून बाजूला ठेवला, ऊन पाठीवर नीट घेतलं आणि म्हणाला, “उन्हाळ्यात बघू.”

तात्पर्य काय, तर गळ मासा असेल तिथे टाकावा. मान असेल तिथे टाकला, तर गावाच्या वाटीत नुसता रस्साच येतो.