देवाच्या बैलाचा घास

फार पूर्वी एका डोंगरावरच्या देवळात देवाला सोडलेला हौश्या नावाचा बैल होता. भक्त त्याला पुरणपोळी, पेढे, गूळभात भरवत. कडबा तो हुंगतही नसे.

एके दिवशी त्याचं पोट फुगलं. त्याने गुरवाच्या शेळीला, भिंगरीला विचारलं, "पोटातली घाण काढायचं औषध ठाऊक आहे का गं?"

"ते काम पोटाला येतं, दादा," भिंगरी म्हणाली. "फक्त त्याला चोथा लागतो. गोड सोड, कडबा खा, पाणी पी."

हौश्याला ते पटलं. पुढे आलेली पुरणपोळी पाहून त्याने तोंड फिरवलं. भक्त घाबरले. "देव रुसला," म्हणत त्यांनी दुप्पट नैवेद्य आणला. भिंगरी कडब्याची पेंढी तोंडात धरून ओढत आली, तर गुरवाने तिला काठीने हाकललं. "देवाच्या बैलाला कडबा घालतात होय?"

मग दोघा भक्तांनी हौश्याचा जबडा धरला आणि तिसऱ्याने गूळभात आत कोंबला.

संध्याकाळी हौश्या मेला. भक्त हळहळले. एक म्हातारी डोळे पुसत समाधानाने म्हणाली, "शेवटचा घास तरी गोड लागला त्याला."